उष्णता घरची, उष्णता उसनी

औंधच्या परसातल्या जास्वंदीवर फेब्रुवारी-मार्चात एक चिमुकला पक्षी हमखास येतो. सावलीत काळा दिसतो, उन्हात आला की निळाजांभळा चमकतो. चोच बारीक आणि खाली वाकलेली. हल्ली त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ‘आमच्याकडचा हमिंगबर्ड’ म्हणून पाठवायची पद्धत पडली आहे. तो हमिंगबर्ड नव्हे, शिंजीर आहे. कुणी त्याला सूर्यपक्षी म्हणतात. खरा हमिंगबर्ड भारतात कुठेच नाही. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्याच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या अटलांटिकपलीकडच्या. गंमत म्हणजे हमिंगबर्डचे सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म जर्मनीत सापडले आहेत. म्हणजे कधीकाळी ते या बाजूलाही होते. पुढे इथून नाहीसे झाले आणि फुलांतल्या मधावर जगण्याचे काम आफ्रिका-आशियात शिंजिरांनी उचलले. नात्याने हमिंगबर्ड पाकोळ्यांच्या जवळचा, तर शिंजीर चिमण्यांच्या मोठ्या गणातला. धंदा एक म्हणून चोच आणि जीभ सारखी झाली, एवढेच.

या शिंजिराशेजारी मला एक असा प्राणी ठेवायचा आहे जो औंधात सापडणे शक्य नाही: कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले जातीचे समुद्री कासव. औंध खटाव तालुक्यातले, पर्जन्यछायेतले गाव. इथे पडणारा पाऊससुद्धा कोकणात उतरत नाही. तो शेवटी कृष्णेला मिळतो आणि पार आंध्रात बंगालच्या उपसागराला जातो. (तिथे, कृष्णेच्या मुखाशी, हीच कासवे अंडी घालतात. पण ते असो.) औंधकराला कासव माहीत असते ते देवळातले, गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेले, ज्याला हात लावून आपण पुढे जातो. जिवंत समुद्री कासवाचे वजन 35-40 किलो भरते आणि जांभळ्या शिंजिराचे सात-आठ ग्रॅम. म्हणजे एका कासवाच्या भारोभार पाच हजार शिंजीर लागतील.

इतक्या विजोड जोडीची तुलना करण्यात अर्थ काय, असे वाटेल. पण हे दोघे दिसतात तितके परके नाहीत. कासव सरपटणाऱ्यांतले, म्हणून त्याचे जवळचे नातलग पाल, सरडा, साप असतील अशी आपली समजूत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कासवांचे जनुकसंच तपासले गेले तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले: कासवे सापा-सरड्यांपेक्षा मगरी आणि पक्षी यांना जास्त जवळची आहेत. म्हणजे भिंतीवरच्या पालीपेक्षा जास्वंदीवरचा शिंजीर कासवाचा जवळचा भाऊबंद, पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या वाटणीतला का होईना. दोघांच्याही तोंडात दात नाहीत, चोच आहे. दोघेही कवचाची अंडी जमिनीवरच्या हवेत घालतात. आयुष्य समुद्रात काढणाऱ्या कासविणीलाही त्यासाठी वाळूवर यावे लागते. वाटणी झाल्यावर मात्र एका शाखेने शरीराची उष्णता घरात तयार करायला सुरुवात केली आणि दुसरीने ती बाहेरून घेणे चालू ठेवले. या दोघांतले बाकीचे बहुतेक फरक त्या एका फरकातून निघतात, असे माझे मत आहे.

ते कसे, हे नीट पाहायचे तर आधी लहान आकाराचा हिशेब समजून घ्यावा लागतो. एखादा प्राणी आहे त्याच आकारात सर्व बाजूंनी निम्मा केला, तर त्याची कातडी चौथाई होते, पण वजन आठवा हिस्सा उरते. वजन भराभर घटते, कातडी त्या वेगाने घटत नाही. उष्णता तयार होते ती मांसात आणि निसटते ती कातडीतून. म्हणून लहान जिवाकडे उष्णता करणारा माल थोडा आणि ती सांडणारी कातडी त्या मानाने फार. शिंजिराला शरीर सुमारे 41 अंशांवर ठेवायचे असते. बाहेर पहाटेची थंडी दहा-बारा अंशांवर आली तर हा तीस अंशांचा फरक त्याला आठ ग्रॅमच्या देहातून भरून काढावा लागतो, तोही रात्रभर, काही न खाता. त्याचे हातावर पोट आहे: दिवसभर मिळवायचे आणि रात्रीत संपवायचे. दिवस उजाडल्यावर तो जास्वंदीवर इतका घाईत का असतो, याचे उत्तर हेच.

हमिंगबर्डची गरज याहून तीव्र. क्यूबातला सर्वांत लहान हमिंगबर्ड जेमतेम दोन ग्रॅमचा. उडताना काही जातींच्या हृदयाचे ठोके मिनिटाला हजारावर जातात. असा खर्च रात्री परवडणारच नाही, म्हणून अनेक हमिंगबर्ड रात्री शरीराची भट्टी चक्क विझवत नेतात. पेरूच्या अँडीज पर्वतात एका जातीच्या पक्ष्याचे तापमान रात्री 3.3 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद 2020 साली प्रसिद्ध झाली. सकाळी स्नायू थरथरवून तो पुन्हा गरम होतो आणि कामाला लागतो. म्हणजे सर्वांत जास्त उष्णता करणारा पक्षी गरज पडली की रात्रीपुरता कासवासारखा होतो. आफ्रिकेतल्या काही शिंजिरांतही रात्री तापमान उतरवण्याची अशी सवय आढळली आहे.

कासवाला ही कटकटच नाही. कोकणाजवळच्या समुद्राचे पाणी वर्षातला बराच काळ 26 ते 30 अंशांच्या दरम्यान असते आणि कासवाचे शरीरही साधारण तेवढेच. उष्णता फुकट. तेवढ्याच वजनाचा पक्षी किंवा सस्तन प्राणी जितकी ऊर्जा जाळील, तिचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी ऊर्जेत कासवाचा दिवस जातो. म्हणून ते खेकडे, कोळंबी, गोगलगायी, जेलीफिश असे मिळेल ते, मिळेल तेव्हा खाते. जेलीफिशमध्ये पाण्याखेरीज फारसे काहीच नसते. असल्या अन्नावर 40 किलोचा गरम रक्ताचा प्राणी उपाशी मेला असता. कासवाला ते चालते, कारण त्याला फक्त चालायचे-पोहायचे असते, भट्टी पेटती ठेवायची नसते.

श्वासाचेही तसेच. खर्च कमी म्हणजे प्राणवायूची गरज कमी. विश्रांती घेणारे समुद्री कासव तासाहून अधिक काळ पाण्याखाली राहू शकते. बुडी मारताना त्याचे हृदय मंदावते. लेदरबॅक या मोठ्या समुद्री कासवात ते मिनिटाला एका ठोक्यापर्यंत खाली आलेले मोजले गेले आहे. पण हा हिशेब शांतपणाचा आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेले कासव धडपडते, स्नायू जोरात चालतात, साठवलेला प्राणवायू थोड्या वेळात संपतो आणि तासभर आरामात बुडून राहणारा प्राणी पाण्यातच गुदमरून मरतो. म्हणूनच जाळ्यात लोखंडी गज बसवून कासवाला बाहेर पडायची वाट ठेवण्याचे साधन तयार केले गेले.

उसनवारीला धोका असतोच. सावकार हात आखडता घेईल तेव्हा कासवाच्या हाती काही उरत नाही. आपल्या ऑलिव्ह रिडलेचे सख्खे भावंड म्हणावे असे केम्प्स रिडले अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असते. शरद ऋतू संपताना केप कॉडच्या उपसागरात पाणी दहा अंशांच्या आसपास घसरले, की ही कासवे बधिर होतात, पोहू शकत नाहीत आणि वाऱ्याबरोबर शेकड्यांनी किनाऱ्याला लागतात. तिथले स्वयंसेवक ती उचलून हळूहळू गरम करतात. शिंजिराला असे कधी होत नाही. त्याला मारते ती उपासमार.

आता पाण्याकडे वळू. खटाव-माणच्या माणसाला पाण्याचा हिशेब वेगळा शिकवायला नको, पण या दोघांच्या बाबतीत तो उलटा आहे. पाण्याचा तुटवडा समुद्रातल्याला आहे आणि पाण्याचा अतिरेक माळावरच्याला.

समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ. कासव जे खाते तेही खारट. आपल्यासारखी दाट लघवी करून मीठ बाहेर टाकण्याची ताकद त्याच्या मूत्रपिंडांत नाही. त्यासाठी त्याच्या डोळ्यांमागे मोठ्या अश्रुग्रंथी असतात, मेंदूहूनही मोठ्या. रक्तातले मीठ त्या खेचून घेतात आणि समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट खारट असा चिकट द्रव डोळ्यांवाटे बाहेर सोडतात. कासवीण वाळूवर अंडी घालताना डोळ्यांतून ओघळ येतात ते हे. बघणाऱ्याला ती रडते आहे असे वाटते. ती समुद्रातही तशीच ‘रडत’ असते, फक्त तिथे दिसत नाही. त्या द्रवाने वाळू धुऊन जाते, हा वरचा फायदा.

शिंजिराची अडचण नेमकी विरुद्ध. फुलातला मध म्हणजे साखरेचे पाणी, बऱ्याचदा पातळ. साखर हवी म्हणून त्याला पाणीही ढोसावे लागते. पातळ मधावर दिवस काढणारे असे पक्षी स्वतःच्या वजनाच्या काही पट द्रव एका दिवसात पितात. तेवढे सगळे रक्तात गेले तर मूत्रपिंडांना ते उपसता उपसता रक्तातले उरलेसुरले मीठही निघून जायचे, कारण मधात मीठ जवळपास नसतेच. या गणिताचे उत्तर इस्रायलमधल्या शिंजिरांवर 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळाले. तो पक्षी आपल्या जांभळ्या शिंजिराच्याच प्रजातीतला. मध पातळ असला की तो आतड्यात साखर जवळजवळ सगळी शोषून घेतो आणि पाण्याचा बराच भाग रक्तात न घेता तसाच पुढे सोडून देतो. हमिंगबर्ड हे करताना फारसा आढळलेला नाही. तो बहुतेक पाणी आत घेतो आणि मूत्रपिंडांना राबवतो. दोघे दिसायला इतके सारखे, पण आतले नळकाम निराळे. व्हिडिओ पाठवणाऱ्यांना मी हे सांगत बसत नाही, पण मला स्वतःला हमिंगबर्ड आणि शिंजीर यांतला हा फरक रंगांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

उडण्यातला फरक मात्र डोळ्यांनी दिसतो. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत स्थिर राहतो. त्याचा पंख खांद्यातून वळतो, त्यामुळे खाली मारतानाच नव्हे तर वर उचलतानाही त्याला आधार मिळतो; साधारण तीन हिस्से खालच्या फटक्यातून, एक हिस्सा वरच्या. शिंजिराला हे क्षणभरच जमते. तो बसून मध पितो. म्हणून आपल्याकडची शिंजिरासाठी असलेली फुले बसायला टेकू देतात. पळस आणि पांगाऱ्याच्या जाड फांद्या बघा, किंवा आंब्यावरचे बांडगूळ. आंबेवाला बांडगुळाला शिव्या घालतो, पण त्याच्या नळीसारख्या फुलांत शिंजिराची चोच बरोबर बसते आणि परागाचे काम होते. पुढे फळे खाऊन बिया पसरवायला दुसराच छोटा पक्षी, फुलटोचा, येतो. कासवाचे पुढचे पाय लांब वल्ह्यांसारखे झालेले आहेत, पण ते वल्हवत नाही, पंखासारखे वरखाली हलवते. पाण्यात उडणे म्हणजे हेच. आणि ते उडते फासळ्या हलवता न येणाऱ्या शरीराने: कासवाची पाठ म्हणजे रुंद होऊन एकमेकींना जुळलेल्या त्याच्या स्वतःच्याच फासळ्या. छाती फुगवून श्वास घेणे अशक्य, म्हणून पोटाकडचे स्नायू फुप्फुसांवरचा दाब कमीजास्त करून हवा आतबाहेर करतात.

घरट्याशी आलो की घरची आणि उसनी उष्णता पुन्हा समोर येते.

शिंजिराची मादी एकटी घरटे बांधते. गवताचे धागे, सालीचे तुकडे, वाळकी पाने, सुरवंटांची विष्ठा, आणि हे सगळे कोळ्याच्या जाळ्याने बांधून टांगलेली लांबट पिशवी. बाजूला दार आणि दारावर छज्जा. पडवीतल्या तारेला किंवा जाईच्या वेलाला असे लोंबणारे घरटे बघून बऱ्याच जणांना कचरा अडकला आहे असेच वाटते, आणि तसे वाटावे हाच त्याचा बचाव. आत बहुधा दोन अंडी. मादी दोन आठवडे त्यांवर बसून स्वतःच्या अंगाची ऊब देते. म्हणजे जी उष्णता तिला स्वतःला पुरत नाही तिच्यातून आणखी दोन वाटे काढते. पिल्ले निघाली की नरही मदतीला येतो. पिल्लांना मध पुरत नाही, अंग वाढायला प्रथिने लागतात, म्हणून दोघे दिवसभर कोळी आणि किडे वेचतात. आणखी दोन आठवड्यांत पिल्ले उडतात. घरटे दिसल्यावर महिनाभर ती तार हलवली नाही तर सगळे पार पडते.

कासवीण यातले काही करत नाही. आपल्या संतवाङ्मयात कासवी नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते असा दाखला पुन्हा पुन्हा येतो, आणि मायेच्या वर्णनासाठी तो सुंदर आहे. प्रत्यक्षात ती पिल्लांकडे पाहतच नाही. नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास रात्री ती वर येते, मागच्या पायांनी दीड फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंग डावीकडे-उजवीकडे आपटून ती दाबते आणि परत जाते. इथून पुढे 45 ते 60 दिवस अंडी उबवते ती उन्हाने तापलेली वाळू. आईने त्यात द्यायचे ते आधीच दिलेले असते, बलकाच्या रूपाने. बाहेर पडणारे पिल्लू पंधरा-वीस ग्रॅमचे, म्हणजे पूर्ण वाढलेल्या शिंजिराच्या दुपटीचे, आणि पहिले काही दिवस ते त्या बलकावरच पोहते. प्रौढ व्हायला त्याला दहा-पंधरा वर्षे लागतात. हजारातून एखादेच तिथवर पोहोचते असा अंदाज सांगितला जातो. दोन अंड्यांवर जीव टाकणे आणि शंभर टाकून निघून जाणे, दोन्ही हिशेब कोट्यवधी वर्षे जमून आलेले आहेत.

दुसरा हिशेब फक्त माणूस मध्ये पडला की बिघडतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास इथे अंडी उकरून विकली आणि खाल्ली जात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे संरक्षणाचे काम सुरू केले. गावकरी पहाटे किनारा फिरून कासविणीच्या पाऊलखुणा शोधतात, अंडी काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात, कुत्री-कोल्ह्यांपासून राखतात आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडतात. त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला आणि गावात राहण्या-जेवण्याची सोय करून लोकांना चार पैसेही मिळू लागले. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या एका कासविणीला उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवले गेले. तिचे नाव ठेवले प्रथमा.

कासविणींचा असा माग काढण्यातली सर्वांत नवलाची बातमी मात्र साध्या धातूच्या बिल्ल्याने दिली. मार्च 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या एका कासविणीला 03233 क्रमांकाचा बिल्ला लावला होता. जानेवारी 2025 मध्ये तीच गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. कासवीण जन्मली त्याच किनाऱ्यावर परतते, हे आपण पाठ केलेले. ही बाई दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालून मोकळी. असा प्रवास परवडतो तोही स्वस्त शरीरामुळे: गरम पाण्यात, हळूहळू, वाटेत मिळेल ते खात.

उसन्या उष्णतेची एक अट उरते आणि ती सर्वांत विचित्र आहे. कासवाच्या अंड्यात नर होणार की मादी, हे अंडे घालताना ठरलेले नसते. उबवण्याच्या मधल्या काळात वाळू किती तापली यावर ते ठरते. साधारण 29 ते 31 अंशांच्या पट्ट्यात दोन्ही निघतात. त्याखाली नर वाढतात, वर गेले की माद्या. वाळू 34-35 अंशांच्या वर टिकून राहिली तर पिल्ले अंड्यातच मरू लागतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या, अजून प्रौढ न झालेल्या हिरव्या कासवांत 99 टक्क्यांहून जास्त माद्या असल्याचे 2018 साली प्रसिद्ध झाले. म्हणून अनेक ठिकाणी हॅचरीवर सावलीचे जाळे टाकतात. खड्ड्यावर सावली किती ठेवायची, हा प्रश्न आता दिसतो तेवढा किरकोळ राहिलेला नाही.

शिंजिराच्या दोन अंड्यांत नर की मादी हे आईच्या गुणसूत्रांवर ठरते. पक्ष्यांत ते मादीकडून ठरते, आपल्यासारखे नराकडून नव्हे. खटावात पारा चाळिशीवर गेला म्हणून त्यात फरक पडत नाही. त्याला ऊन वेगळ्या मार्गाने छळते. बाहेरची हवा अंगाएवढी तापली की आतली उष्णता कातडीतून जायला जागा उरत नाही. ती घालवायला उरते फक्त पाण्याची वाफ. चोच उघडी टाकून धापा टाकायच्या आणि वाफेबरोबर उष्णता बाहेर सोडायची. सकाळी नको म्हणून आतड्यातून तसेच पुढे सोडलेले मधातले पाणी एप्रिलच्या दुपारी त्याच्या कामाचे ठरते, आणि तेव्हा ते देणारा पळस मात्र झडून गेलेला असतो.